मोह, चार आणि बिब्बा : सातपुड्यातील एक रानवाट

पाडव्याच्या दिवशी श्रीखंडावर चारोळी पेरल्याखेरीज मराठी घरातील पंगतीचे समाधान होत नाही. इंदूर असो, बडोदे असो की बेळगाव असो, वाण्याच्या दुकानातून ती पुडीत बांधून घरी येते. ती एवढी महाग का, याची चर्चा सर्वत्र होते. ती येते कोठून, याची विचारपूस मात्र क्वचितच होते. गहू-हरभऱ्याप्रमाणे तिचे पीक शेतात घेतले जात नाही. ती रानातल्या एका झाडाची बी आहे. ते झाड कोठे उभे आहे, त्याचे फळ केव्हा पिकते आणि त्याची कठीण आठळी कशी फोडावयाची, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या हातून ती बाजारात उतरते. मध्य भारतात ही माणसे बहुतांशी गोंड, कोरकू, भारिया, बैगा या आदिवासी जमातींतील असतात. त्यांच्या ज्ञानाचे स्वरूप कळावयाचे, तर त्यांच्या रानातून एकदा पायी चालत जाणे, हाच सर्वांत सोपा मार्ग होय.

अशी वाट सातपुड्यात शोधणे कठीण नाही. नर्मदेच्या दक्षिणेस पिपरियाचे रेल्वे स्थानक सोडले आणि डोंगराची दिशा धरली, की मटकुलीजवळ देनवा नदी लागते आणि तेथून पचमढीचा घाट सुरू होतो. सातपुड्याचे सर्वांत उंच शिखर धूपगड, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,350 मीटर उंचीचे, ते याच पठारावर आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हा प्रदेश मोठा नवलाचा. पूर्वेकडून आलेले सालाचे रान आणि पश्चिमेकडून आलेले सागाचे रान यांची गाठ येथे पडते. एका उतारावर सालाची गर्द सावली, तर समोरच्या उतारावर पानगळीने उघडा पडलेला साग, असे दृश्य उन्हाळ्यात येथे पाहावयास मिळते.

झाडांप्रमाणे माणसांच्या भाषांचाही येथे संगम झालेला आहे. गोंडांची मूळ भाषा तेलुगू-कन्नडच्या द्राविडी कुळातील, तर कोरकूंची भाषा संथाळी-मुंडारीच्या मुंडा कुळातील. त्या कुळाची सर्वांत पश्चिमेकडची शाखा म्हणजे कोरकू. एकाच पाणवठ्यावर येणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या भाषा एवढ्या भिन्न असाव्यात, आणि तरीही मोहाखाली फुले वेचताना दोघांच्या हातांची रीत एकच असावी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

या वाटेने निघावयाचे ते चैत्रात, आणि तेही पहाटे. मोहाची फुले रात्री उमलतात आणि उजाडण्याच्या सुमारास टपटप गळून पडतात. फूल म्हणजे तरी काय? फिकट पिवळसर, रसाने भरलेली, मण्याएवढी पोकळ पाकळी. तिच्या उग्र गोड वासाने अवघे रान घमघमत असते. रात्री वटवाघळे या फुलांवर येतात आणि परागवहनाचे काम करून जातात. भल्या पहाटे अस्वले झाडाखाली येतात. म्हणूनच वेचावयास निघालेल्या बायका एकट्यादुकट्या जात नाहीत. मोठ्याने बोलत, मुलांना बरोबर घेऊन, चारचौघींच्या मेळ्याने जातात. रानातील पहिला धडा हा असा : झाडाखालचे अन्न एकट्या माणसाचे नाही, याची जाणीव ठेवूनच तेथे पाऊल टाकावयाचे.

वेचलेली फुले अंगणात वाळत घालतात. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा मोठा भाग साखरेचा असल्याने ती भाजून, उकडून, पिठात कुटून खाता येतात आणि पावसाळ्यातील टंचाईच्या दिवसांत घरात अन्न म्हणून उपयोगी पडतात. शहरी माणसाला मोह म्हटले की फक्त दारू आठवते. दारू मोहाची होते, आणि देवकार्यात व लग्नकार्यात तिला मानही असतो. परंतु मोह हे प्रथम अन्नाचे झाड आहे. पुढे ज्येष्ठाच्या सुमारास याच झाडाच्या फळांतील बियांपासून तेल निघते. ते थंडीत तुपासारखे थिजते. स्वयंपाकाला, दिव्याला आणि अंगाला लावावयास त्याचा उपयोग होतो. फूल, फळ, बी आणि तेल एवढे देणारे झाड तोडावयाचे नाही, हा नियम मध्य भारतातील गावोगावी आढळतो. शेतासाठी रान साफ करतानाही मोहाचे झाड राखलेले दिसते. पुष्कळ गावांत कोणता मोह कोणत्या घराचा हे ठरलेले असते आणि तो हक्क बापाकडून मुलाकडे वारसाने जातो.

मोहाच्या पुढे, खडकाळ उतारावर चार लागते. हीच ती चारोळीची माता. झाड मध्यम उंचीचे, साल काळपट, मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची भेगाळलेली. चैत्रात फळे हिरवी असतात. वैशाखात, अक्षय तृतीयेच्या सुमारास, ती काळी होऊ लागतात. पिकलेल्या फळाचा गर आंबटगोड असतो आणि तो खात खातच मुले फळे गोळा करतात. घरी आल्यावर फळे पाण्यात भिजवून चोळतात, आठळ्या निराळ्या करून वाळवितात आणि मग जात्यात हलक्या हाताने भरडतात. जात्याचा दाब थोडा अधिक झाला तर आतील दाण्याचा भुगा होतो. कमी पडला तर आठळी फुटत नाही. हे माप कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही, ते हाताच्या सवयीत आहे. एके काळी अशा कष्टाने काढलेली चारोळी आठवड्याच्या बाजारात मिठाच्या मोबदल्यात व्यापाऱ्याच्या पोत्यात जात असे. डोंगरात मीठ पिकत नाही, आणि चारोळीची शहरातील किंमत डोंगरात ठाऊक नव्हती. या दोन गोष्टींचा पुरेपूर लाभ घेणारे मध्यस्थ निघाले, यात आश्चर्य ते काय?

चारापासून थोड्या अंतरावर बिब्ब्याचे झाड असते. मराठी माणसाला बिब्बा अपरिचित नाही. परटाच्या कपड्यावरील न पुसणारी खूण त्याच्याच काळ्या तेलाची. ते तेल कातडीला लागले तर फोड येतात आणि कित्येकांना या झाडाखालून जाण्याचेही भय वाटते. परंतु निसर्गाची गंमत अशी की, या एकाच फळात विष आणि अन्न शेजारी शेजारी नांदतात. काळ्या बिब्ब्याला चिकटलेला नारिंगी, मांसल देठ सुकवून किंवा भाजून खातात. आणि कठीण कवचाच्या आतील पांढरा दाणा म्हणजेच गोडंबी. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत पडणारी गोडंबी ती हीच. विषारी तेलाने भरलेल्या कवचातून ती बाहेर काढावयाची, तर बिब्बे आधी विस्तवात भाजावे लागतात किंवा हाताला तेल चोळून बेताने फोडावे लागतात. पहिल्यांदा हे कोणी करून पाहिले असेल आणि त्यासाठी किती बोटे पोळली असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

वाट ओढ्याच्या दिशेने उतरू लागली की सालाच्या शेंड्यापर्यंत चढलेला एक अजस्र वेल दिसतो. स्थानिक बोलीत तो माहुल, मराठी मुलखात चांबुळी. पाने हाताच्या पंजाहूनही मोठी, मधोमध दुभंगलेली. दसऱ्याला सोने म्हणून लुटला जाणारा आपटा हा याचा नातलग. पानाचा आकार पाहताच ते नाते ओळखू येते. या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण होतात, बांबूच्या कामट्यांवर ती शिवून पावसाळ्यातील इरली होतात, सालीच्या वाखाचे मजबूत दोर वळले जातात आणि चपट्या शेंगांतील बिया भाजून खाल्ल्या जातात. ज्या वनाधिकाऱ्यांना सालाचे सरळ ओंडके हवे होते, त्यांना हा वेल झाडांचा गळा घोटणारा शत्रू वाटला आणि तो कापून टाकण्याची कामे रानोरान निघाली. ज्यांना पत्रावळ, दोर आणि इरले हवे होते, त्यांना तो घरातील भांडीकुंडी पुरविणारा वाटला. रान तेच, वेल तोच. पाहणाऱ्याच्या गरजेनुसार त्याचे मोल ठरले.

ओढ्याच्या काठाशी ओलसर मातीत रानटी कंद असतात. चैत्रात त्यांची पाने झडून गेलेली असतात आणि झाडोऱ्याला वेढलेली वाळकी दोरी तेवढी उरते. ती दोरी डावीकडून वळली आहे की उजवीकडून, तिला काटे आहेत की ती गुळगुळीत आहे, एवढ्यावरून जाणता माणूस जमिनीखाली कोणता कंद आहे ते सांगतो. ही परीक्षा केवळ कौतुकाची नाही, प्राणांशी गाठ घालणारी आहे. यांतील काही कंद नुसते उकडून खाता येतात. काही कडू असतात. ज्याला मध्य प्रदेशात बैचांदी म्हणतात तो तर चक्क विषारी असून त्याने मज्जासंस्थेवर परिणाम होऊन झटके येतात. तरीही तो खाल्ला जातो. त्याच्या पातळ चकत्या करतात, त्या शिजवितात आणि टोपलीत घालून वाहत्या ओढ्यात ठेवतात. विष पाण्यात विरघळते आणि वाहून जाते, पिठूळ भाग उरतो. अवर्षणाच्या वर्षी धान्य संपले असता याच कंदांनी घरे जगविलेली आहेत. आणि कंद खणून झाला की त्याचा शेंड्याकडचा, कोंब असलेला भाग पुन्हा मातीत पुरून खड्डा बुजवावयाचा, अशी रीत आहे. तो पुरला तरच पुढच्या पावसाळ्यात वेल वर येईल.

ओढा ओलांडून पलीकडच्या चढावर बिजा भेटतो. मराठीत बिबळा, आयुर्वेदात असन. त्याच्या सालीवर घाव घातला की रक्तासारखा लाल डिंक वाहतो. त्याच्या लाकडाचा पेला करून रात्री पाणी भरून ठेवले, तर सकाळी ते पिवळसर तपकिरी होते आणि उजेडात धरताच त्यावर निळसर झाक चमकते. मधुमेहावर हे पाणी पिण्याची चाल जुनी आहे. औषध म्हणून त्याचा किती आणि कोणाला गुण येतो, हा वैद्यकाचा प्रश्न आहे, आणि रोग्याने तो वैद्याच्या सल्ल्यानेच सोडवावा. रानाच्या दृष्टीने गोष्ट निराळी आहे. गावचा भुमका, म्हणजे पूजाविधी आणि झाडपाला जाणणारा माणूस, एका रोग्यापुरती साल घेतो. पुष्कळदा झाडापुढे हात जोडून घेतो. बाजाराला पेले हवे असतात, तेही गाडीभर. त्यामुळे कित्येक ठिकाणी मोठा बिजा आता हुडकावा लागतो.

कड्याच्या टोकाशी, जेथे मातीही नीट टिकत नाही, तेथे कुल्लू उभा असतो. मराठीत त्याला कांडोळ म्हणतात. पांढरीफेक, गुळगुळीत साल आणि उन्हाळ्यात निष्पर्ण झालेल्या फांद्या. चांदण्यात पाहणाऱ्याला भूत उभे असल्याचा भास व्हावा. त्याचा डिंक पाण्यात अनेकपट फुगतो. औषधांत आणि कृत्रिम दातांची कवळी हिरडीला चिकटून राहावी म्हणून वापरल्या जाणाऱ्या भुकटीत त्याचा उपयोग होतो. परदेशांतही त्याला मागणी आहे. बेताची खाच पाडून तिला भरून येण्यास अवधी दिला तर झाड वर्षानुवर्षे डिंक देते. कुऱ्हाडीचे खोल घाव चारी बाजूंनी घातले तर एकदोन हंगामांत भरपूर डिंक मिळतो, आणि झाड मरते.

येथे, कड्याच्या सावलीत, क्षणभर थांबण्यासारखे एक स्थळ असते. पचमढीच्या परिसरातील खडकांच्या आडोशांत प्राचीन माणसाने रंगविलेली चित्रे आहेत आणि त्यांतील सर्वांत जुनी चित्रे मध्याश्मयुगातील मानली जातात. शिकारी, नर्तक आणि जनावरे यांच्याबरोबरच पोळ्यातील मध काढणारी माणसेही त्यांत दिसतात. ती रंगविणारे लोक कोण होते, याची चर्चा विद्वान करोत. या कड्याखालच्या रानात माणूस किती दीर्घ काळ खातपीत, शिकत आणि शिकवीत आला आहे, याची साक्ष देण्यास ती चित्रे पुरेशी आहेत.

वाटेवरील एवढी झाडे पाहून झाल्यावर त्या शिकण्याचे स्वरूप ध्यानात येते. प्रत्येक वनस्पतीविषयीच्या ज्ञानाला चार अंगे आहेत. तिचा कोणता भाग घ्यावयाचा, केव्हा घ्यावयाचा, कोणत्या रीतीने तो निर्धोक करावयाचा, आणि किती मागे ठेवावयाचे. पहिली तीन अंगे वहीत टिपून घेता येतात; वनस्पतिशास्त्रज्ञांनी ती टिपलीही आहेत. चौथे अंग टिपून घेतले तरी टिकत नाही. कारण मागे ठेवलेले उद्या आपल्यालाच किंवा आपल्या शेजाऱ्याला मिळेल, असा भरवसा असल्याखेरीज कोणीही काही मागे ठेवीत नाही.

चाराच्या झाडाकडे पुन्हा पाहावे, म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होईल. चारोळीला भाव चढला, तशी बाहेरची माणसे रानात येऊ लागली. फळ काळे होईपर्यंत थांबावे, हे गावातील बाईला पक्के ठाऊक असते. हिरव्या फळातील दाणा बारीक निघतो आणि त्याला भाव येत नाही, हेही ठाऊक असते. परंतु आठ दिवस थांबले तर दुसराच कोणी येऊन झाड ओरबाडून नेईल, ही धास्ती तिला असते. मग तीही हिरवी फळे तोडते. वर चढण्यास वेळ नसला तर फांदीच छाटली जाते, आणि पुढची काही वर्षे त्या फांदीला फळ येत नाही. रानात पिकून गळणारे फळच उरले नाही, तर नवे रोप येणार कोठून? अशा रीतीने चार अनेक भागांत विरळ होत चालली आहे. यात अज्ञानाचा दोष नाही. ज्ञान असूनही ते आचरणात आणण्याची सोय उरलेली नाही.

मोहाखालच्या वणव्याची कथाही याच जातीची आहे. फुले स्वच्छ वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची चाल पडली आहे. मोहाचे ठरलेले झाड असेल आणि अंगणासारखी जागा झाडून घेता येत असेल, तर आगीची गरज नसते. अनेक झाडे आणि थोडा वेळ असला की काडी ओढली जाते. ती आग पसरली की मोहाची कोवळी रोपे जळून जातात, आणि रानात जुने वृक्ष दिसतात, पण त्यांची पिढी पुढे चालविणारी रोपे दिसत नाहीत.

हा भरवसा गेला कसा, हे पाहण्यासाठी थोडे इतिहासात शिरावे लागते. 1858 साली तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात आले, तेव्हा या डोंगरांतील हर्राकोटचे जहागीरदार भभूतसिंह यांनी त्यांना साहाय्य केले आणि इंग्रजांशी झुंज दिली. उठाव मोडला गेला. 1862 च्या आरंभी कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा अधिकारी पचमढीच्या पठारावर पोहोचला. लगेच पुढे, 1865 साली, याच भागातील बोरीचे रान राखीव घोषित झाले; हिंदुस्थानातील आरंभीच्या राखीव जंगलांत त्याची गणना होते. मग 1878 चा वनकायदा आला आणि 1927 चा आला. राखीव रानात ज्याला स्पष्ट परवानगी नाही ते सारे निषिद्ध, असे सूत्र ठरले. ज्या रानातून पिढ्यान्‌पिढ्या कंद खणला, तेथे कंद खणणे हा अपराध झाला. कोकणातही निराळे घडले नाही. 1892 साली मुंबई इलाख्याच्या सरकारने ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करण्यावर व विकण्यावर कायद्याने निर्बंध घातले. दारूवरील कराचे उत्पन्न बुडू नये, हा हेतू. अन्नाचे झाड त्यात सापडले.

स्वातंत्र्यानंतर राज्य आपले झाले, तरी रानाचे सूत्र पुष्कळसे तेच राहिले. मध्य प्रदेश शासनाने 1964 साली कायदा करून तेंदूपानाचा व्यापार आपल्या हाती घेतला. त्यामुळे मजुरीचा दर ठरला आणि खाजगी ठेकेदाराच्या मनमानीला आळा बसला, हे खरे. परंतु पन्नास पानांचा एक पुडा बांधून देणारा आदिवासी त्या पानाचा धनी न होता वेचणारा मजूरच राहिला. 1981 साली सातपुडा राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे व्याघ्र प्रकल्प झाला. वाघाला निर्वेध रान हवे, ही गोष्ट निर्विवाद आहे. आतील अनेक गावे बाहेर हलविली गेली, त्यांच्या सोडलेल्या शेतांवर कुरणे वाढली आणि तेथे हरणे-गवे चरू लागले, हेही या धोरणाचे फळ आहे. मात्र त्याची किंमत कोणी मोजली, हे विसरता येत नाही. सपाटीवरील नव्या गावात शेती मिळाली, शाळा आणि रस्ता जवळ आला. पण वाळलेल्या वेलीची दोरी पाहून खालचा कंद ओळखण्याची विद्या शेताच्या बांधावर शिकविता येत नाही. रानात चालणे थांबले, की एका पिढीतच ती लोप पावते.

2006 साली संसदेने वनहक्कांचा कायदा संमत केला आणि 2008 पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, ही कबुली त्या कायद्याच्या उद्देशिकेतच आहे. बांबू, तेंदू, मोह, मध, डिंक अशा गौण वनोपजांवर मालकी, आणि ज्या रानाचे परंपरेने रक्षण केले त्याचे व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्क, या दोन गोष्टी त्याने गावाला देऊ केल्या. वनस्पतींविषयीच्या परंपरागत ज्ञानावरील समाजाचा हक्कही त्यात मान्य झाला आहे.

या हक्काने काय घडते, ते सातपुड्याच्या दक्षिणेस, विदर्भातील गोंडांच्या गावांत पाहावयास मिळाले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला आणि आपल्या रानातील बांबू गावाने स्वतः विकला. त्याहून बोलके उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावचे. हक्क मिळाल्यावर या छोट्या गावाने बांबूचा व्यवहार हाती घेतला, पण तेंदूपाने तोडणे बंद करण्याचे ठरविले. नवी लुसलुशीत पाने यावीत म्हणून तेंदूची झुडपे छाटावी लागतात आणि रानाला आगही लावली जाते. त्याऐवजी झाडे वाढू द्यावीत, त्यांना फळे येऊ द्यावीत, ती माणसांनी खावीत आणि पाखरांनीही खावीत, असा विचार गावाने केला. हातात येणारा पैसा एका गरीब गावाने आपल्या खुशीने सोडला. सक्तीने किंवा शिक्षेच्या भयाने हे घडून आले असते काय?

सर्वच गावे पाचगावसारखी वागतील, असे कोणी म्हणू नये. हक्क मिळाला म्हणून लोभ नाहीसा होत नाही, आणि सावकार व दलाल एका ठरावाने पळून जात नाहीत. अनेक गावांचे दावे कागदांत अडकलेले आहेत. ज्यांना हक्क मिळाला त्यांतील काहींना हिशेब ठेवण्याची आणि बाजार गाठण्याची विद्या नव्याने शिकावी लागत आहे. तरीही एवढे सिद्ध झाले आहे की, रानातील संयम ही आदिवासींच्या स्वभावातील गूढ गोष्ट नव्हे. मोहाचे झाड जोवर घराचे असते तोवर त्याची राखण होते; चाराचे फळ जोवर गावाचे असते तोवर ते पिकू दिले जाते. धनीपण नाहीसे झाले की नियम उरतो तो केवळ म्हाताऱ्यांच्या तोंडी.

सूर्य वर आलेला असतो. मोहाखालची फुले वेचून झालेली असतात आणि टोपल्या डोक्यावर घेऊन बायका गावाकडे परततात. झाडाखाली काही फुले तशीच पडलेली दिसतात. ती विसरलेली नसतात. दिवस चढल्यावर तेथे हरणे येतील, रात्री पुन्हा नवी फुले उमलतील आणि पहाटे गळतील. उतारावर चारेची हिरवी फळे वैशाखाची वाट पाहत असतात. ती काळी होईपर्यंत झाडावर राहतील की नाही, यावर पुढच्या पाडव्याच्या वाटीतील चारोळी अवलंबून आहे. आणि त्या उतारावर चाराचे एखादे नवे रोप उगवेल की नाही, हेही.